कॅन्सर पसरला म्हणजे सगळं संपलं का? चौथ्या स्टेजच्या स्तनाच्या कॅन्सरसोबत अनेक बायका वर्षानुवर्षे जगतात. त्यासाठी घरच्यांना काय माहीत हवं?

रिपोर्टची फाईल घेऊन घरची माणसं शहरातून परत येतात. बाई ओसरीवर बसलेली असते. आत स्वयंपाकघरात कुजबुज सुरू होते. "पसरलाय म्हणे. हाडात गेलाय. डॉक्टर चौथी स्टेज म्हणाले." कोणी म्हणतं, "तिला काही सांगू नका." कोणी म्हणतं, "आता कशाला पैसा घालवायचा?" आणि एखादा पाहुणा लांबच्या गावातल्या जडीबुटीवाल्याचा नंबर काढून देतो.

हे चित्र गावोगाव दिसतं. इथून पुढे घरं बहुतेक दोनच वाटा धरतात. काही जण उपचार बंद करून बाईला घरी आणून ठेवतात. काही जण खात्रीच्या इलाजाच्या नादाने जमीन गहाण टाकतात. या दोन्ही वाटांवर नुकसानच आहे. तिसरी वाट मात्र कोणी नीट समजावून सांगत नाही. ती म्हणजे आजार पूर्ण जाणार नाही हे मान्य करून त्याला औषधाने दाबात ठेवायचं आणि जगत राहायचं.

पसरला म्हणजे नेमकं काय झालं?

स्तनातल्या गाठीतल्या काही पेशी रक्तातून किंवा लसिकेतून शरीरात दुसरीकडे जातात आणि तिथे वाढू लागतात. यालाच डॉक्टर मेटास्टॅटिक कॅन्सर किंवा चौथी स्टेज म्हणतात. स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा हाडं, फुप्फुस, यकृत म्हणजे लिव्हर, आणि कधी मेंदूत जातो. काही जणींना पहिल्याच तपासणीत हे कळतं. काही जणींना आधीचा उपचार पूर्ण होऊन पाच-दहा वर्षांनीसुद्धा कळतं.

इथे एक गैरसमज होतो. "आधी स्तनाचा होता, आता हाडाचाही कॅन्सर झाला," असं लोक म्हणतात. तसं नसतं. हाडात गेलेल्या पेशी स्तनाच्याच असतात. म्हणून औषधही स्तनाच्या कॅन्सरचंच चालतं. ही चांगली गोष्ट आहे, कारण या कॅन्सरवर औषधांचे बरेच पर्याय आहेत.

दुसरी गोष्ट, हा आजार लागट नाही. तिच्या ताटात जेवल्याने, तिचे कपडे धुतल्याने, नातवंडं तिच्या कुशीत झोपल्याने कोणालाही काही होत नाही. बायोप्सीची सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, हीसुद्धा अफवाच आहे.

बरा होत नाही, मग उपचार कशासाठी?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तरही खरंच दिलं पाहिजे. चौथ्या स्टेजचा स्तनाचा कॅन्सर आजच्या औषधांनी मुळासकट सहसा जात नाही. जो कोणी "महिन्यात साफ करतो" म्हणेल, तो फसवतोय असं समजा.

पण रानात हरळी शिरली तर शेतकरी काय करतो? हरळी पुरती कधीच जात नाही, कुठे ना कुठे मुळी राहतेच. म्हणून कोणी शेत पडीक टाकत नाही. नांगरट, खुरपणी, कोळपणी करत तिला दाबून धरतो आणि दर हंगामाला पीक काढतो. एका वर्षी एक उपाय लागू पडतो, पुढच्या वर्षी दुसरा करावा लागतो.

या आजाराचं तसंच आहे. एक औषध सुरू होतं, ते चालतंय तोवर चालू ठेवतात. काही काळाने आजार त्याला जुमानेनासा होतो, मग दुसरं औषध. दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करतात ते याचसाठी. शुगर-बीपीचा पेशंट जसा आयुष्यभर गोळ्या घेतो, तसं इथे अनेकींचं होतं. फरक इतकाच की इथे औषध मधेच बंद करण्याची किंमत फार मोठी आहे. "आता बरं वाटतंय, गोळी कशाला?" इथेच अनेक घरं चुकतात. बरं वाटतंय, ते गोळीमुळेच वाटतंय.

फाईलमधले तीन शब्द शोधा

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन नोंदी असतात. पुढचा जवळपास सगळा उपचार यावर ठरतो. नोंद सापडली नाही तर डॉक्टरांना विचारा. आजार परत आला असेल तर नव्या जागेची बायोप्सी का करत नाही, हेही विचारा, कारण या नोंदी कधी कधी बदलतात.

ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह: या गाठीला बाईच्या शरीरातल्या हार्मोनचं खतपाणी मिळतं. ते तोडलं की गाठ आटते. ही युक्ती जुनी आहे. १८९६ साली जॉर्ज बीटसन या स्कॉटिश सर्जनने अंडाशय काढल्यावर काही बायकांचा वाढलेला स्तनाचा कॅन्सर आटला, असं दाखवून दिलं होतं. आज तेच काम टॅमोक्सिफेन, लेट्रोझोल अशा गोळ्या करतात. पाळी चालू असलेल्या बाईला बऱ्याचदा सोबत अंडाशयाचं काम थांबवणारं इंजेक्शन देतात, किंवा ऑपरेशन करतात. टॅमोक्सिफेन आणि लेट्रोझोल या जुन्या आणि स्वस्त गोळ्या आहेत. अनेकींना सुरुवातीला केमोची गरजच पडत नाही. "केमो दिली नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले" असं मुळीच समजू नका.

या गोळ्यांच्या जोडीला आता पाल्बोसायक्लिब, रायबोसायक्लिब अशा नव्या गोळ्या देतात. पाल्बोसायक्लिबचं पेटंट भारतात २०२३ मध्ये संपलं. त्यानंतर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. या गोळ्या साधारण २१ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस थांबायचं, असा क्रम असतो. सोबतची लेट्रोझोलची गोळी मात्र रोज चालू राहते. हे घरात दोघांना तरी पाठ पाहिजे.

हर-टू पॉझिटिव्ह: पूर्वी हा प्रकार फार वाईट समजला जायचा. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनला मंजुरी मिळाली आणि चित्र बदललं. भारतात २०१४ मध्ये बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने त्याची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. आता इतर भारतीय कंपन्यांचीही आहे. हे इंजेक्शन साधारण दर तीन आठवड्यांनी देतात. ते हृदयावर ताण आणू शकतं, म्हणून ठरावीक महिन्यांनी टू-डी इको करावा लागतो. तो टाळू नका.

तिन्ही निगेटिव्ह: हा प्रकार जास्त अवघड आहे. यात केमोवर भर असतो आणि आजार लवकर उसळतो. तरी इथेही उपाय आहेत, आणि नवी औषधं येत आहेत. अशा वेळी बीआरसीए या जनुकाची तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. ती पॉझिटिव्ह आली तर उपचाराला एक वेगळी गोळी मिळू शकते, आणि मुली-बहिणींनाही आपली तपासणी वेळेत करून घेता येते.

"किती दिवस आहेत?"

हा प्रश्न डॉक्टरांना दाराआड विचारला जातो. एका बाईबद्दल नेमका आकडा कोणालाच सांगता येत नाही. पण अभ्यास काय म्हणतात ते माहीत असावं.

पाळी गेलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असलेल्या ६६८ बायकांच्या एका मोठ्या अभ्यासाचे अंतिम आकडे २०२२ मध्ये आले. लेट्रोझोलसोबत रायबोसायक्लिब घेणाऱ्यांपैकी निम्म्या बायका साधारण ६४ महिन्यांहून जास्त जगल्या, म्हणजे पाच वर्षांच्या वर. नुसती लेट्रोझोल घेणाऱ्यांत हाच आकडा ५१ महिन्यांचा होता. हर-टू पॉझिटिव्ह ८०८ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात ट्रास्टुझुमॅब, पर्टुझुमॅब आणि केमो मिळालेल्यांपैकी शंभरात ३७ जणी आठ वर्षांनंतरही हयात होत्या. आणि हे सगळं पसरलेल्या कॅन्सरबद्दल आहे.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. "निम्म्या बायका" याचा अर्थ शंभर बायका ओळीत उभ्या केल्या तर मधल्या बाईपर्यंतचं अंतर. तिच्या पुढे पन्नास जणी आहेतच, काही तर फार पुढे. तुमच्या घरची बाई ओळीत कुठे उभी आहे, हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतं. दुसरं, अभ्यासातल्या बायकांना औषध वेळेवर मिळतं आणि तपासण्या चुकत नाहीत. एसटी चुकली, पैसे संपले, कापूस वेचणी आली म्हणून आपल्याकडे जे खाडे पडतात, ते तिथे नसतात. खाडे कमी करणं, एवढं तरी घरच्यांच्या हातात आहे.

"गाठ दिसतेय, मग कापून का टाकत नाहीत?"

ओपीडीत हा वाद रोजचा. पहिल्याच तपासणीत कॅन्सर पसरलेला सापडला तर डॉक्टर बऱ्याचदा स्तनाचं ऑपरेशन करत नाहीत. नातेवाइकांना वाटतं, टाळाटाळ करताहेत.

याचं उत्तर आपल्याच मुंबईत शोधलं गेलं. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३५० बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांच्या स्तनाचं आणि काखेचं ऑपरेशन केलं, निम्म्यांचं केलं नाही. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ऑपरेशन केल्याने आयुष्य वाढलं नाही. आजार शरीरभर फिरत असताना एक गाठ काढून तो थांबत नाही, तिथे सगळीकडे पोचणारं औषधच लागतं. गाठ फुटली, रक्त येतंय, वास येतोय, तर त्रास कमी करायला ऑपरेशन किंवा रेडिएशन देतात. ते वेगळं.

दुखणं सोसायचं नाही

गावाकडच्या बायकांना सोसायची सवय लावलेली असते. पण इथे दुखणं सोसण्यात कसलंही पुण्य नाही. दुखणाऱ्या बाईची झोप जाते, जेवण तुटतं, ती उपचारालाही नकार देते.

हाडात गेलेल्या आजारासाठी हाड बळकट ठेवणारं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन असतं. ते महिन्याला किंवा तीन महिन्यांनी देतात. त्याआधी दात दाखवून घ्यावेत. एखादं हाड फार दुखत असेल तर रेडिएशन देतात आणि कित्येकदा एकच बैठक पुरते. खूप दुखत असेल तर मॉर्फिनची गोळी आहे. ती स्वस्त आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतली तर व्यसन लागण्याची भीती बाळगू नये. तिच्याने पोट मात्र साफ होत नाही, म्हणून जुलाबाचं औषध सोबत मागून घ्या. मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ मध्ये कायद्यात बदल करून ती रुग्णांना मिळणं सोपं केलेलं आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पॅलिएटिव्ह केअर विभागात विचारा. या विभागात पाठवलं म्हणजे "शेवट आला" असं नाही. दुखणं, मळमळ, झोप, मनाची घालमेल यावर ते पहिल्या दिवसापासून मदत करतात, बाकी उपचार चालू ठेवूनच.

या खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका

- केमो किंवा नव्या गोळ्या चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. गावात एक इंजेक्शन घेऊन झोपू नका, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात. थर्मामीटर घरात ठेवा.
- पाठीत जोराची कळ आणि पायातली ताकद जाणं, बधिरपणा, लघवी-संडासवर ताबा न राहणं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असू शकतो. त्याच दिवशी उपचार मिळाला तर पाय वाचू शकतात.
- अचानक दम लागणं, छातीत दुखणं, एकच पाय सुजणं.
- डोकं फार दुखून उलट्या होणं, झटका येणं, बोलणं अडखळणं.
- खूप तहान, सुस्ती, बडबड. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं.
- डोळे पिवळे होणं.

रात्री कोणाची गाडी मिळेल, हे आधीच ठरवून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका आहेच.

पैशाचं काय?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशन कार्ड चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे आधार आणि रेशन कार्ड दाखवा. चौकशीसाठी १५५३८८ हा नंबर आहे. केमो, रेडिएशन, ऑपरेशन यात बसतं. नवी महाग औषधं बसतात की नाही, ते सुरू करण्याआधीच विचारा. बसत नसतील तर भारतीय कंपनीचं स्वस्त औषध आहे का, मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज करता येईल का, हे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. प्रत्येक मोठ्या सरकारी आणि धर्मादाय हॉस्पिटलात असा विभाग असतो.

कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टियर एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीत मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना फार वर्षांपासून आधार देते. घरची परिस्थिती अगदीच हलाखीची असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा, त्यात कॅन्सरचे रुग्णही येतात.

दरवेळी मुंबईच गाठली पाहिजे असंही नाही. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे कॅन्सरची हॉस्पिटलं आहेत. जिल्हा रुग्णालयांत केमोचे डे-केअर सेंटर काढायचं केंद्राने २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर केलं आहे. एकदा मोठ्या ठिकाणी उपचार ठरला की पुढची इंजेक्शनं जवळ घेता येतील का, हे जरूर विचारा.

तिला सांगायचं की नाही?

घरचे प्रेमापोटीच लपवतात. पण फाईल लपवली तरी चेहरे लपत नाहीत. तिला कळतंच, फक्त कोणाशी बोलता येत नाही. मग ती एकटी पडते. जिला आपला आजार ठाऊक नाही, ती गोळी वेळेवर का घेईल? नवीन दुखणं का सांगेल?

एकदम सगळं सांगायची गरज नाही. "रिपोर्टबद्दल तुला किती ऐकायचंय?" असं तिलाच विचारा. ती जेवढं विचारेल तेवढं खरं सांगा. डॉक्टरांपुढे तिला बसवा, बाहेर थांबवू नका. औषध घ्यायचं की थांबवायचं, हा निर्णयही शेवटी तिचा आहे.

अंगात बळ असेल तर तिला घरातलं, रानातलं काम करू द्या. हाडात आजार असेल तर हंडा, पोती, जड ओझं मात्र बंद. रोज थोडं चालणं चांगलं. जेवण घरचंच: भाकरी, डाळ, उसळ, अंडी, दही, ताक. महागडे डबे विकत आणायची गरज नसते. केमोच्या दिवसांत कडक उपास नको. देवाला नवस बोला, वारीला जाता येत नसेल तर घरी पोथी लावा, मनाला बळ मिळतं. फक्त गोळी बंद करायची नाही. काढा, भस्म, चूर्ण यांपैकी काही देत असाल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी सांगा. यातल्या काहींनी लिव्हरवर परिणाम होतो आणि औषधं बिघडतात.

आशा कशाची धरायची?

सगळ्याच बायका पाच-आठ वर्षं जगतील, असं नाही. काहींचा आजार औषधाला दाद देत नाही. हे लपवून काही साधत नाही. पण "चौथी स्टेज" हे शब्द ऐकल्या दिवशीच तिला गेलेली धरणं, हे त्याहून मोठं चुकणं आहे. लेकीची दहावी, सुनेचं बाळंतपण, पुढचा पोळा, पुढची दिवाळी, हे सगळं तिच्या वाट्याला येऊ शकतं, आणि अनेकींच्या वाट्याला येतंही.

म्हणून आज एवढंच करा. तिची फाईल बाहेर काढा, कागद तारखेप्रमाणे लावा. ईआर, पीआर, हर-टूची नोंद शोधा आणि तिचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात ते मोजा. पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार तेही तिच्यासमोरच ठरवा.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे आपल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावं. योजनांचे नियम बदलू शकतात, जाण्याआधी चौकशी करावी.)